२५२० हा चमत्कार नाही, लसावि आहे

सहावीतल्या भाचीच्या वहीत काल हे दिसलं: "२५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. शोध: रामानुजन." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज तिने जसाच्या तसा उतरवला होता. इतकी वर्षं मी तो न बोलता पुसत आले. आता तो पोरीच्या वहीत शिरला, म्हणून लिहिते.

"एकमेव"? तिला म्हटलं, दुप्पट कर. ५०४०. सातने भागलं, ७२०. नऊने, ५६०. तिप्पट केली, तीही चालली. २५२० ची कुठलीही पट घ्या, चालणारच. अशा संख्यांना अंत नाही. त्यांत २५२० सर्वांत लहान, एवढं मात्र खरं. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार केला की ती येते. २ आणि ४ हे ८ मध्ये आले, ३ हा ९ मध्ये, ६ आणि १० आपोआप. शाळेतला लसावि, दुसरं काही नाही.

त्याच मेसेजमध्ये पुढे: "शतकानुशतकं गणितज्ञांना अशी संख्या सापडली नव्हती." प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आदर्श नगरासाठी ५०४० जमीनधारक सुचवले, ते याच गुणासाठी. पुढे.

"७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस, वर्षाचे महिने. हेच काळाचं रहस्य!" गुणाकार बरोबर आहे. पण दिवसांना दिवसांनी आणि मग महिन्यांनी गुणून हाती काय येतं? शिवाय यात वर्ष ३६० दिवसांचं होतं. २४ × १०५ सुद्धा २५२० च. इतके विभाजक असलेली संख्या हवी तशी फोडता येते.

सगळ्यात जास्त लागतं ते रामानुजन यांच्या नावावर हे खपवणं. संबंध आहे, नाही असं नाही. १९१५ साली त्यांचा एक मोठा निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या, हा त्याचा विषय. त्यातल्या यादीत २५२० आहे, ४८ विभाजकांसह, फक्त एक ओळ. यादी जाते ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, जिला १०,०८० विभाजक आहेत! एवढ्या लांब यादीत त्यांच्याकडून एकच संख्या सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. शेवटच्या संख्येला २३ ने भागा, हीच येते. असं काम केलेल्या माणसाला आपण लसाविचं श्रेय देतोय.

भाचीने ती ओळ खोडली. मग स्वतःच ११ ने भागून पाहिलं, बाकी १ उरली. "मग अकराने गुणू?" २७,७२० आले, १२ पर्यंत सगळं जमलं, १३ ला बाकी ४. पुन्हा गुणलं. ३,६०,३६० पंधरापर्यंत चालली. जेवायला हाक मारली तेव्हा ती सोळापाशी अडली होती आणि वही सोडायला तयार नव्हती.