बारीक अक्षर दिसलं की लेझर? आधी भिंग लावा

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या जुन्या मशिनरीवाल्यांकडून आला, शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याकडून आला आणि परवा मेहुण्यानंही पाठवला, ज्याचा लोखंडाशी संबंध गॅसच्या शेगडीपुरता. मेसेज सांगतो ते असं : धातूच्या भागावरची अक्षरं एक-दीड मिलिमीटरची, अगदी एकसारखी, आतून काळी, नखाला न लागणारी आणि टोकांना गोल असतील तर ती लेझरची. लेझर अलीकडचा, म्हणून असा भाग कुणी 'जुना, ओरिजनल' म्हणून विकत असेल तर तो नकली. सोबत लेथच्या डायलचा, म्हणजे मशिनच्या आकडे कोरलेल्या गोल चकतीचा फोटो, त्यावर लाल बाण.

माझं आयुष्य पॅन्टोग्राफवर अक्षरं कोरण्यात गेलं. त्या फोटोतला डायल मला तरी लेझरचा वाटत नाही. पण फोटोवरून छातीठोक बोलायचं ही त्या मेसेजवाल्याची खोड, ती आपण कशाला लावून घ्या. त्याच्या खुणाच तपासू.

इतकं बारीक काम लेझरशिवाय होत नाही, ही पहिली. पहिला लेझर चालला १९६० साली. मग त्याआधीचे मायक्रोमीटर, थिओडोलाइट, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कड्या काय कोऱ्या विकल्या जायच्या? लेस्टरची टेलर-हॉब्सन, म्यूनिकची डेकेल या कंपन्यांची कोरणारी पॅन्टोग्राफ मशिनं जगभर ह्याच कामाला होती. तत्त्व सोपं आहे. एका बाजूला पितळेची मोठी अक्षरं, म्हणजे मास्टर, बसवायची, त्यांच्या खाचेतून हातानं सळई फिरवायची. दुसऱ्या बाजूला गरगर फिरणारा अणकुचीदार कटर तीच वाट लहान करून चालतो. प्रमाण आठास एक ठेवलं तर मास्टरवरचं १२ मिलिमीटरचं अक्षर दीड मिलिमीटरचं होतं. आणि खरी मेख अशी, की हाताची चूकही आठपट लहान होते. सळई अर्धा मिलिमीटर डगमगली तरी कामावर ती ०.०६ मिलिमीटर उमटते. अमेरिकेत लिन बॉइड बेंटन यानं ह्याच तत्त्वावर छपाईच्या टायपांचे पंच, म्हणजे मूळ ठसे, कापणारं मशिन काढलं, त्याचं पेटंट १८८५ चं.

मशिन नसतानाही हे होत होतंच. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणूजी रावजी आरूंनी देवनागरीचे पंच पोलादात हातानं कापले. अक्षर उलटं, जोडाक्षरांसकट, आणि तेही छपाईच्या आकाराचं. तेव्हा 'शक्यच नाही' हा शब्द जरा जपून.

दुसरी खूण एकसारखेपणाची. दोन '३' मोबाईलवर एकावर एक ठेवले, तंतोतंत जुळले, म्हणून कॉम्प्युटर. अहो, एकाच मास्टरवरून काढलेले दोन '३' जुळणारच! ठशानं मारलेलेही जुळतील. अक्षर बघायचं नसतं, दोन अक्षरांमधली जागा बघायची असते. पॅन्टोग्राफची अक्षरं पट्टीत हातानं ओळीनं लावलेली, त्यामुळे ओळ सरळ असते पण '१' आणि '०' मधलं अंतर एका ठिकाणी केसभर कमी, दुसरीकडे जास्त. हातोडीनं एकेक ठसा मारला असेल तर अक्षर तेच, पण एखादं कललेलं आणि एखादं एका बाजूनं खोल. कॉम्प्युटरच्या कामात अक्षरही तेच आणि अंतरही तेच, कितीही वेळा मोजा.

मराठी पाट्यांवर तर ह्याहून सोपी खूण आहे. आमच्याकडे इंग्रजी मास्टरचा तयार संच असायचा, देवनागरीची अक्षरं आम्ही पितळेच्या पत्र्यात स्वतः कापायचो. शिरोरेषा मात्र मास्टरमध्ये नसायची. सगळी अक्षरं कोरून झाली की शेवटी पट्टी लावून रेघ एका दमात ओढायची. म्हणून आमच्या कामाच्या नावपट्टीवर भिंग धरलंत तर प्रत्येक काना जिथे शिरोरेषेला भिडतो तिथे दोन खाचा एकमेकींवरून गेलेल्या दिसतील, आणि एखाद्या कान्याचं गोल टोक रेघेच्या वर किंचित डोकावताना सापडेल. तेव्हा मी त्याला चूक म्हणायचो, आता सही म्हणतो.

काळा रंग जळल्याचा, ही तिसरी. कोरलेल्या खाचेत काळा रंग किंवा मेण भरून वरचं पुसून घ्यायचं, हा ह्या धंद्यातला शेवटचा हात. नाहीतर पितळेवरचा आकडा उजेडात वाचताच येत नाही. कापसाच्या बोळ्याला थिनर लावून एका कोपऱ्यातल्या अक्षरावर फिरवा. काळं उतरलं तर तो रंग होता. उतरलं नाही म्हणून लेझर, असंही नाही. जुना भट्टीत सुकवलेला रंगही थिनरला दाद देत नाही. आणि वस्तू किमती असेल तर हा उद्योग करूच नका.

नखाची परीक्षा तर अगदीच कच्ची. लेझरनं खोलही कोरता येतं, ते नखाला चांगलं अडकतं. उलट डायलवरची कोरीव अक्षरं नंतर बारीक कागदानं घासून सपाट केलेली असतात, नख सरळ घसरतं.

आता गोल टोकं. इथे मेसेजवाल्यानं खूण बरोबर पकडली आणि अर्थ पार उलटा लावला. फिरणारा कटर गोल असतो, तो चौकोनी कोपरा काढूच शकत नाही. रेघ जिथे संपते तिथे तिच्या रुंदीच्या निम्म्या त्रिज्येचा अर्धगोल राहतो. लेझरचा ठिपका रेघेपेक्षा कितीतरी बारीक असतो, त्याला रुंद रेघेचं टोक चौकोनी ठेवणं जड नाही. म्हणजे गोल टोक हा लेझरचा पुरावा नव्हेच, उलट ते कटरकडे बोट दाखवतं.

खरी साक्ष खाचेच्या तळाशी असते. दहापट भिंग घ्या, मोबाईलची बॅटरी आडवी, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. कटरनं कापलेल्या तळाला नखाच्या चंद्रकोरीसारख्या बारीक बारीक कमानी दिसतात, एकीमागे एक. लेझरच्या तळाला ठिपक्यांवर ठिपके, माशाच्या खवल्यांसारखे, किंवा नांगरटीसारख्या समांतर रेघा. काठाला वितळून थिजलेल्या धातूची झालर असते. हातानं टोकदार कलमेनं कापलं असेल तर तळ आरशासारखा चकचकीत आणि रेघेची टोकं सुईसारखी निमुळती. आम्लानं खाल्लेलं असेल तर तळ दाणेदार, सगळीकडे खोली सारखी, आणि काठ आतून पोखरलेले. ठशाच्या अक्षराभोवती धातू उचललेला असतो, तो नंतर घासला नसेल तर.

सरावाला घरचा तांब्या घ्या. त्यावर आजीचं नाव आणि लग्नाची तारीख असेल. भांडीवाल्याच्या विजेच्या पेननं घातलेलं नाव म्हणजे नुसत्या टोच्यांची रांग, भिंगाखाली प्रत्येक टोच्याला कडा आलेली दिसेल. त्याहून जुन्या भांड्यावर हातोडी-छिन्नीच्या छोट्या छोट्या रेघा सापडतील.

एक गोष्ट मेसेजवाल्याच्या पदरात टाकायला हवी. नकली माल आहे. बेअरिंगवर नामांकित कंपनीचं नाव लेझरनं मारून विकणारे आहेत, सावध राहावंच. आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशिनवर, फिरत्या कटरनं कोरलेलं अक्षर तळाशी पॅन्टोग्राफसारखंच दिसतं. तिथे चंद्रकोरी कामाला येत नाहीत, अंतरंच मोजावी लागतात. शिवाय जुन्या मशिनला नवा डायल कुणी प्रामाणिकपणेही बसवलेला असतो. अक्षर कसं कोरलं ते कळलं म्हणजे मशिन अस्सल की नक्कल ते कळलं, असं होत नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यातलं गिऱ्हाईक. आमच्या गल्लीत एक जुना विलायती लेथ विकायला होता, आणि घेणारा हाच मेसेज दाखवून डायल नकली म्हणत होता. मी भिंग त्याच्या हातात दिलं. '४' च्या उभ्या रेघेच्या वरच्या टोकाला, कटर पहिल्यांदा आत उतरला तिथे, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान खळगा होता. पुढे चंद्रकोरी. शिवाय '१०' पासून '९०' पर्यंत रेघ हळूहळू जाड होत गेलेली, कारण कटरचं टोक काम करता करता झिजत होतं आणि त्या दिवशीच्या कारागिरानं मध्ये ते घासलं नव्हतं. गडी बराच वेळ बघत राहिला. डायल जुना आहे हे मान्य केलं. मग हेडस्टॉक, म्हणजे लेथचा काम फिरवणारा भाग, चालू करायला लावला, आवाज ऐकला आणि त्यावरून दहा हजार पाडून मागितले.