शांततेचा ताबा

गजबजाटापासून दूर, शहराच्या अगदी कडेच्या एखाद्या शांत उपनगरात घर घेण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. घर पाहण्यासाठी रविवारची दुपार निवडावी, हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. रविवारी दुपारी रस्ते मोकळे असतात, बांधकामावरची यंत्रे बंद असतात, आधीचे रहिवासी जेवून आडवे झालेले असतात आणि आपल्यालाही कुठे पोहोचायचे नसते. अशा वेळी कोणतीही जागा शांत वाटते. सोमवारी सकाळी आठ वाजता तिथून कार्यालयापर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा, असे एखादा शंकेखोर नातेवाईक सुचवील. त्याचे ऐकू नये. ज्याला घर घ्यायचेच नाही, त्याने असले उद्योग करावेत.

मी स्वतः रविवारीच गेलो होतो. विक्री प्रतिनिधीने आम्हाला मागच्या गॅलरीत नेले, सरकते दार उघडले आणि तो एक शब्दही न बोलता बाजूला उभा राहिला. समोर गुडघाभर गवत वाढलेला मोकळा भूखंड होता, त्यापलीकडे झाडांची रांग होती आणि गवतात कुठेतरी टिटवी ओरडत होती. ‘‘ऐकू येतंय का?’’ पत्नीने विचारले. मी कान देऊन ऐकले आणि म्हणालो, ‘‘काहीच नाही.’’ ‘‘तेच तर!’’ ती म्हणाली. त्या ‘तेच तर’चे हप्ते आम्ही अजून फेडत आहोत. गवतात ठरावीक अंतरावर लाल टोकांचे काही खुंटही दिसत होते, पण निसर्गरम्य देखाव्यात असल्या किरकोळ गोष्टींकडे लक्ष देणे रसिकतेचे लक्षण नव्हे.

आता या शांततेचा विचार आपण कसा करावा, ते सांगतो. अर्थात शक्यतो करूच नये. शहरात पार्श्वभूमीला अखंड घरघर असते आणि लहानसहान आवाज तिच्यात बुडून जातात. ती घरघर काढून घेतली, की हे सगळे आवाज सुटे होऊन आपल्या उशाशी येतात. शहरात ज्या घरात मी दहा वर्षे गाढ झोपलो, तिथे खालून रात्रभर वाहने जात असत. इथे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्री पावणेबाराला खुर्ची मागे सरकवतात, हे मला ठाऊक आहे. त्या खुर्चीच्या चारपैकी एका पायाचे रबर निघून गेले आहे, हेही ठाऊक आहे. पहाटे पाचच्या सुमारास तिसऱ्या गल्लीतले कुत्रे भुंकायला लागते, त्याला पहिल्या गल्लीतले उत्तर देते आणि मग दोघांचे काय ठरते ते पाहण्यासाठी मी जागा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्री घराबाहेरच्या आवाजासाठी वर्षाच्या सरासरीने ४० डेसिबलची मर्यादा सुचवली. आमच्या उपनगराची सरासरी त्याहून खाली असावी, असे मला मनापासून वाटते. दुर्दैवाने झोपलेल्या माणसाला सरासरी जागे करत नाही, खुर्ची करते.

महामार्ग चांगला दूर आहे, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि ते खरेच असते. एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने कमी होतो. वाहत्या रस्त्याचा आवाज मात्र एका बिंदूपासून न येता लांबलचक रेषेवरून येत असल्याने साधारण ३ डेसिबलनेच कमी होतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसा न जाणवणारा महामार्ग रात्री खिडकीबाहेर उभा राहतो. यात बांधकाम व्यावसायिकाचा काहीही दोष नाही. त्याने आपल्याला अंतर विकले होते, भौतिकशास्त्र नव्हे.

अंतराचा विषय निघालाच आहे, तर प्रवासाबद्दलही दोन शब्द. घर ते कार्यालय हा हिशोब किलोमीटरमध्येच करावा, तासांमध्ये करू नये, कारण तासांमध्ये केल्यास माणूस खिन्न होतो. समजा, जायला दीड तास आणि यायला दीड तास लागतो. वर्षातले कामाचे दिवस २५० धरले, तर ७५० तास झाले. म्हणजे रात्रंदिवस मोजून ३१ दिवसांहून थोडे अधिक. वर्षाचा एक पूर्ण महिना, झोपेसकट, आपण रस्त्यावर राहणार आणि हप्ते मात्र बाराही महिन्यांचे भरणार. त्यातही शांत घर स्वस्त पडले, हे आपण सर्वांना अभिमानाने सांगावे आणि इंधनाचा, दुसऱ्या गाडीचा व तिच्या देखभालीचा खर्च वेगळ्या वहीत लिहावा. दोन्ही वह्या एकाच टेबलावर उघडू नयेत.

ब्रूनो फ्रे आणि आलोइस श्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची माहिती तपासून २००४ साली दाखवून दिले, की ज्यांचा रोजचा प्रवास लांब, त्यांचे आयुष्याबद्दलचे समाधान कमी. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या समजुतीनुसार, त्रास सोसून दूर राहणाऱ्याला चांगल्या घराच्या किंवा चांगल्या पगाराच्या रूपाने त्या त्रासाची भरपाई मिळायला हवी. ती पुरेशी मिळत नसल्याचे त्यांना आढळले. मला यात आश्चर्य वाटले नाही. नव्या घराची मोठी खोली आपल्या दोन महिन्यांत अंगवळणी पडते. कोंडी रोज निराळ्या ठिकाणी होत असल्याने ती कायम ताजी राहते.

रस्ता लवकरच रुंद होणार आहे, हे आपल्याला सांगितले जाईल आणि त्यावर आपण विश्वास ठेवावा, कारण तो बहुधा खरोखरच होतो. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच मांडले होते, की शहरातल्या द्रुतगती मार्गांवरची गर्दीच्या वेळची वाहतूक त्या मार्गांची क्षमता भरून काढेपर्यंत वाढत जाते. म्हणजे रस्ता रुंद झाला की वेळ टाळून जाणारे पुन्हा वेळेवर निघतात, आडवाटेने जाणारे परत येतात आणि ‘आता रस्ता चांगला झाला’ म्हणून आणखी पुढे घर घेणारेही त्यात मिसळतात. पूर्वी आपण दोन रांगांमध्ये अडकत होतो, आता चार रांगांमध्ये अडकतो. सोबत वाढली, एवढाच काय तो फरक.

काही वाचक विचारतील, बस नाही का? आहे. तासाला एक बस असेल, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी अर्धा तास थांबावे लागते आणि तेवढ्या वेळात निसर्गाचे उत्तम निरीक्षण होते. बस दर दहा मिनिटांनी सुटावी, अशी मागणी मात्र करू नये. तेवढ्या फेऱ्यांसाठी प्रवासी लागतात, प्रवाशांसाठी वस्ती लागते, आणि वस्ती नाही म्हणून तर आपण इथे आलो. दुकानाचे, दवाखान्याचे, वाचनालयाचे गणित हेच. किराणा दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नाही, कारण ते चालवण्याइतकी माणसे चालत येण्याच्या अंतरावर राहत नाहीत. शांतता म्हणजे दुसरे काय? इतर लोकांची अनुपस्थिती. या व्यवस्थेत अडचण एकच आहे, की रात्री ताप चढल्यावर ज्याच्याकडे धाव घ्यायची, तो डॉक्टरही त्या इतर लोकांतच मोडतो. मुलांना खेळायला, पोहायला, मित्राच्या वाढदिवसाला गाडीनेच न्यावे लागते, तेव्हा निदान त्यांच्याशी गप्पा होतात. म्हातारपणी गाडी चालवणे सुटल्यावर काय, हा प्रश्न वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कोणी विचारत नाही. आपणही विचारू नये.

शहराबाहेरची हिरवी, मोकळी वस्ती ही कल्पना मुळात वाईट नव्हती, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने १८९८ साली उद्यान-नगराची योजना मांडली, तेव्हा ६,००० एकर जमिनीवर सुमारे ३२,००० माणसे, भोवती शेतीचा कायमचा पट्टा, आणि (इथेच आमच्याकडून वाचताना पान उलटले असावे) त्याच नगरात कारखाने, दुकाने व रोजगार, असा त्याचा आराखडा होता. १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ येथे त्याची सुरुवातही झाली. पुढे जगभरच्या बांधकाम व्यावसायिकांनी त्यातले ‘उद्यान’ ठेवून घेतले आणि ‘नगर’ वगळले. भोवतीची शेती कायमची राखायची, ही अट तर सर्वांत आधी गळाली, कारण पुढचा टप्पा तिथेच उभारायचा असतो.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे, की मागच्या मोकळ्या भूखंडावर काय होणार, हे विकास आराखड्यात पाहू नये. आराखडा कार्यालयात मिळतो, मागितल्यावर दाखवतात, आणि त्यात त्या भूखंडाला दिलेला रंग एकदा पाहिला की गॅलरीतला देखावा पूर्वीसारखा राहत नाही. आम्ही तो पाहिला नाही आणि दोन वर्षे आनंदात काढली. तिसऱ्या वर्षी लाल टोकांच्या खुंटांभोवती पत्र्याचे कुंपण आले. त्यावर एका सुंदर झाडाखाली पुस्तक वाचणाऱ्या बाईचे चित्र होते आणि शेजारी लिहिले होते, ‘गजबजाटापासून दूर’. पुढच्या रविवारी दुपारी चार-पाच कुटुंबे येऊन गेली. त्यातल्या एका गृहस्थाने आमच्या इमारतीकडे बोट दाखवून विक्री प्रतिनिधीला काहीतरी विचारले आणि प्रतिनिधीने मान हलवून त्याचे समाधान केले.

आपल्यावर ही वेळ येईल, तेव्हा हरकतीचा अर्ज जरूर करावा. आमच्या सोसायटीत त्यासाठी बैठक झाली, समिती नेमली गेली आणि परिसराची शांतता, उजेड, वारा, पाण्याचा दाब आणि पक्षी यांवर चार मुद्दे काढावेत की पाच, यावर दोन तास वाद झाला. अखेर समितीतले एक सदस्य समोरच्या जुन्या बैठ्या घरांमध्ये राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांकडे गेले. आम्ही राहायला आल्यापासून हे सद्गृहस्थ आमच्याशी का बोलत नाहीत, याचे आम्हाला कोडे होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, कपाटातून एक फाइल काढली आणि पाच मुद्द्यांचा व्यवस्थित टंकलेला अर्ज समोर ठेवला. तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. त्यातले इमारतीचे नाव तेवढे आम्हाला बदलावे लागले; ते आमच्याच इमारतीचे होते.