नळ येलालाय

आमच्या घरात अलार्मचं घड्याळ नव्हतं, स्टीलची एक ताटली होती. अंगणातल्या नळाखाली आज्जी ती रोज रात्री पालथी घालून ठेवायची. नळाचा काही नेम नव्हता. कधी आठव्या दिवशी यायचा, कधी दहाव्या. पण यायचा तो रात्री दोन-अडीचलाच, चोरासारखा. आधी नुसती हवा, फुस्स. मग पहिला थेंब ताटलीवर, टण्ण. त्या आवाजानं गल्लीतलं कुत्रंही कान हलवत नसे, पण आज्जी ताडकन उठायची. दिवसा याच आज्जीला जेवायला बोलवायचं तर तीन हाका माराव्या लागायच्या.

"उटा रं लेकरांनो, नळ येलालाय!"

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. घरात दहा माणसं आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. काकूकडं भांडी. रांजण, दोन टिपाडं, घागरी, कळश्या इथवर ठीक होतं, पण नंतर बगुणी, जर्मलचे डबे, चरवी आणि शेवटी वरण घ्यायची वाटीसुद्धा रांगेत यायची. चमचे तेवढे वाचले. काकांकडं मोटार. ही मोटार नळाला लावणं गुन्हा होता, म्हणून दिवसा ती डालग्याखाली झाकून ठेवलेली असे. आमच्याकडं कोंबडी एकही नव्हती. तपासायला आलेल्या माणसानं एकदा विचारलं, "डालगं कामून ठेवलंय?" काका म्हणाले, "कोंबड्या घ्यायच्या हायेत." हे उत्तर त्यांनी अकरा वर्षं दिलं.

आबा बाजेवर बसून बंदोबस्त बघायचे. ते शिकले निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत, त्यामुळं हुकूम देणं हेच काम आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात नळ आला त्या तारखेभोवती ते लाल गोल करायचे. चतुर्थी-एकादशी गुरुजींना विचारून कळते, नळाची तारीख कोणाला विचारणार?

आणि माझ्याकडं नळी.

हे काम सोपं वाटतं. एक घागर भरत आली की नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, नळी दुसऱ्या घागरीत न्यायची आणि अंगठा काढायचा. मधल्या वेळात एक थेंब जमिनीवर पडता कामा नये. अंगठा आत दाबला तर मोटार ओरडते, सैल धरला तर आज्जी ओरडते. लोक सांगतात, आमच्यावर आईवडिलांनी संस्कार केले. माझ्यावर नळीचे झाले. एकदोनदा नळीनंही झाले.

आज्जीच्या हातात हुकमाचा एक एक्का होता: बहात्तरचा दुष्काळ. त्या साली ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी खायची आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापायची. त्यामुळं आमच्या कुठल्याही तक्रारीला घरात किंमत नव्हती. तहान लागली म्हटलं की "बहात्तरला काय केलं असतंस?" गणितात नापास झालो तरी तेच. बहात्तर साली मी जन्मलोही नव्हतो, हा बचाव तिनं कधी मान्य केला नाही.

तिची आंघोळ घालायची पद्धत मी आजही डोळे मिटून सांगू शकतो, कारण ती डोळे मिटूनच सोसलेली आहे. मोठ्या परातीत उकिडवं बसवायची. पहिला तांब्या डोक्यावर, मग साबण, दुसरा तांब्या पाठीवर, तिसरा उरलेल्या देहाला. साबण डोळ्यात गेला तर बोंबलायचं नाही. डोळ्यांसाठी वेगळं पाणी मंजूर नव्हतं. परातीत साठलेल्या पाण्यात मग कपडे भिजायचे, त्या पाण्यानं मोरी धुतली जायची आणि राहिलेलं गोडलिंबाच्या झाडाला. आमच्या वरणाला साबणाचा वास येतो, असं काका शेवटपर्यंत म्हणत राहिले.

या सगळ्यात आई म्हणजे परक्या राज्यातली माणूस. तिचं माहेर नांदेडचं, गोदावरीकाठचं. नळाचं पाणी आलं की रांजणातलं 'शिळं पाणी' ओतून द्यावं अशी तिकडची रीत. लग्नानंतर पहिल्याच नळाला तिनं अर्धा रांजण अंगणात ओतला. आज्जी म्हणे खाली बसली. नंतर कितीतरी वर्षं "नांदेडची" हा शब्द घरात 'उधळी' या अर्थानं वापरात होता. एकदा वैतागून आई म्हणाली, "तुमची मांजरा शेवटी आमच्या गोदावरीलाच येऊन मिळते, म्हटलं." आज्जी ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिळायला तिच्यात पाणी तर पायजे."

पण हीच आज्जी दारात माणूस आलं की भरलेला तांब्या पुढं करायची. प्यायला वेगळा, पाय धुवायला वेगळा. वसुलीला आलेल्या माणसालाही. आम्ही नातवंडं त्या पायांकडं जळून बघत असू.

आता ती रात्र. मी पाचवीत होतो. घरातली मोठी माणसं आत हंडे पालथे करण्यात गुंतलेली, अंगणात मी आणि नळी. डोळा कधी लागला कळलं नाही. अंगठा ढिला पडला, नळी घागरीतून बाहेर आली आणि तुळशीला वळसा घालून पाणी दारातून गल्लीत निघालं. जाग आली ती पाठीत बसलेल्या धपाट्यानं.

"पाणी सांडलालंय की रं मुडद्या! कोण सांडलं?"

अंगणात मी एकटा होतो. तरी म्हणालो, "म्या न्हाई. नळी निसटली."

पुढचं मारापेक्षा वाईट होतं. आज्जीनं जुनं लुगडं आणलं, अंगणातल्या फरशीवर पसरलं आणि बादलीत पिळलं. पुन्हा पसरलं, पुन्हा पिळलं. दहा माणसं उभी राहून बघत होती, कोणी बोलेना. पाऊण बादली गढूळ पाणी वसूल झालं. मग आबांनी हिशेब केला: पुढचा नळ येईस्तोवर माणशी रोज एक तांब्या कमी. तो कमी पडलेला तांब्या आठ दिवस माझ्या नावानं ओळखला गेला. चुलत बहीण केस धुवायला बसली की ओरडायची, "ह्याचा तांब्या द्या की मला!"

ताटली एकदाच चुकली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. फळीवरची सगळी भांडी एकदम वाजली आणि आज्जी नेहमीसारखी "नळ आला" म्हणून उठली. मग भिंत हलली. किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्यावर हा किस्सा घरात कोणी हसत सांगितला नाही. मीही तो इथंच सोडतो.

2016 च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. आत्या लातूरला राहते. तिनं फोनवर आज्जीला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. आज्जी तेव्हा नव्वदीच्या घरात. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाटंत किती सांडलं?"

मागच्या दिवाळीत पुण्याला मित्राकडं मुक्काम पडला. आठवा मजला, चोवीस तास पाणी, न्हाणीघरात आमच्या रांजणाएवढा गीझर. मी सवयीप्रमाणं शॉवरकडं पाठ केली, बादली भरली आणि अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली. वहिनी बाहेरून विचारत्या झाल्या, "भावजी, पाणी गरम नव्हतं का?" होतं की. "मग इतक्यात झालंसुद्धा?" आता काय सांगणार? उरलेली अर्धी बादली ओतून द्यायला हात होईना. मागच्या बाल्कनीत कुंड्या होत्या, त्यात एक गोडलिंबाचं रोपही दिसलं. मला बरं वाटलं. सगळी बादली त्यालाच घातली.

कुंडीच्या बुडाला भोक असतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. पाच मिनिटांत बेल वाजली. दारात सातव्या मजल्यावरचे गृहस्थ, हातात नुकतीच इस्त्री केलेली असावी अशी ओली चादर.

"पाणी कोणी सांडलं हो?"

वय वर्षं पंचेचाळीस, हातात रिकामी बादली, बाल्कनीत मी एकटा. माझ्या तोंडून आपसूक गेलं, "म्या न्हाई. नळी निसटली."