रेंजफाइंडरवर १३५ची लेन्स? त्या फॉरवर्डवर पैसे लावू नका

परवा रात्री भाचीचा मेसेज आला, "मावशी, हाच घेऊन टाकू ना?" सोबत रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे (दोन खिडक्यांतल्या प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्याचे) गोडवे गाणारा तो फॉरवर्ड. महिनाभर फोटोवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय, मी दोनतीनदा पाहून सोडून दिला. आता तो घरात शिरलाय आणि पोरगी नोकरीतली दोन वर्षांची बचत त्याच्या भरवशावर घालायला निघालीय: जुना लायका एम६ रेंजफाइंडर आणि १३५ मिमीची एफ/४ लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). तिला टिपायचेत भिगवणचे रोहित पक्षी आणि कोकणातल्या जत्रेतला दशावतार. म्हणून हे लिहायला बसले.

पहिला दावा: "रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही, म्हणून टेलिफोटोला तोच सर्वांत अचूक."

हे धडधडीत चूक आहे, आणि खिशाला सगळ्यात जास्त झळ इथेच बसते. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा आपण एकमेकींवर बसवतो. खिडक्यांमधलं अंतर गुणिले डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन (वस्तू किती पट दिसते ते), यावर फोकसची अचूकता ठरते. नेहमीच्या एम६ला ते ६९.२५ मिमी गुणिले ०.७२, म्हणजे जेमतेम ५० मिमी. लेन्स कुठलीही लावा, हा आकडा वाढत नाही. ३५च्या लेन्सला तो भरपूर झाला. १३५ला एफ/४वर, तीन मीटरवरच्या चेहऱ्याच्या पुढेमागे मिळून १२ सेंटिमीटरच्या आसपासच शार्प येतं. तिथे कणभर चूकही माफ होत नाही. एसएलआरचं, म्हणजे आरशातून थेट लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं, उलट असतं: लेन्स जितकी लांब, तितकी वस्तू डोळ्याला मोठी दिसते आणि फोकस पारखता येतो.

शिवाय दिसणार काय? एम६च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या ३५ आणि १३५च्या चौकटी एकत्रच उमटतात. १३५ची चौकट ३५च्या चौकटीच्या साधारण पंधराव्या हिश्श्याएवढी असते. तेवढ्याशा जागेत दशावतारातल्या संकासुराचे हावभाव कसे टिपणार?

माझं ऐकू नका, लायका बनवणाऱ्या लायट्झ कंपनीचं ऐका. २०० मिमीची टेलिट लेन्स त्यांनी १९३५ साली काढली, ती रेंजफाइंडरला जोडलीच नाही. मध्ये बसवायला आरशाची वेगळी पेटी दिली. पुढे त्याच पेटीचं व्हिझोफ्लेक्स झालं आणि २८०, ४००च्या लेन्स त्यावरच चालल्या. एम मालिकेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये १३५च्या पुढची चौकटच नाही. ज्यांनी हा कॅमेरा घडवला त्यांनीच टेलिसाठी आरसा आणला, आणि हा फॉरवर्ड आरसा नसल्याचं कौतुक सांगतोय!

भिगवणचं गणित तर आणखी सरळ आहे. १.३ मीटर उंचीचा रोहित ५० मीटरवर उभा असेल, तर १३५ने तो फिल्मवर साडेतीन मिलिमीटरचा येतो. फ्रेमची उंची २४. नुसता गुलाबी ठिपका.

दुसरा दावा: "अंधारात याला तोड नाही." यात अर्धं खरं आहे, मान्य करते. लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) लहान असलं तरी व्ह्यूफाइंडर अंधारत नाही, आणि आरशाचा धक्का नसल्याने ३५ किंवा ५०च्या लेन्सने १/१५ सेकंदावरही हातात धरून फोटो निघतो. स्थिर बसलेल्या माणसाचा. दशावतारात कोण स्थिर असतं? आणि समजा, ४०० संवेदनशीलतेच्या फिल्मवर प्रकाश मोजणारा मीटर एफ/२ला १/३० दाखवतोय. एफ/४च्या १३५ला तेच १/८ होतं. हात हलू नये म्हणून या लेन्सला निदान १/१२५ हवं. म्हणजे चार स्टॉप कमी (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). फिल्म १६००ची समजून वापरून जास्त वेळ धुतली, म्हणजे पुश केली, तरी दोन स्टॉपची तूट राहतेच. अंधाराची ताकद ५०च्या एफ/१.४ लेन्सची आहे, ती १३५च्या खात्यावर कशी मांडता?

"यांत्रिक आहे, बिघडत नाही." शटर बॅटरीशिवाय चालतं, हे खरं. एम६मध्ये बॅटरी फक्त मीटरला लागते. पण जुन्या शटरचे मंद वेग रेंगाळतात, आणि कॅमेरा एकदा आपटला की रेंजफाइंडरची जुळणी सरकते. व्ह्यूफाइंडरमध्ये तर सगळं नेहमीच शार्प दिसतं, त्यामुळे चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. आरसा नसल्याचं आणखी एक: लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात राहिला तर सूर्य थेट कापडी शटरवर एकवटतो आणि भोक पडतं. फॉरवर्डमध्ये याचा एक शब्द नाही. पावसाळ्यात लेन्सला धरणाऱ्या बुरशीचाही नाही.

"आंरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यभर हाच वापरला." वापरला, आणि या नामवंत फ्रेंच छायाचित्रकाराचं बहुतेक काम ५० मिमीच्या लेन्सवर आहे.

पोरी, यांत्रिक कॅमेराच हवा ना? १९८२ सालचा निकॉन एफएम२ पूर्ण यांत्रिक आहे, शटर १/४००० पर्यंत जातं. त्यावर १०५ मिमीची एफ/२.५ किंवा १८०ची एफ/२.८ लावली की दशावतार आवाक्यात येतो. पक्ष्यांना ३०० तरी हवीच. रेंजफाइंडर नंतर घे, ३५ किंवा ५०च्या लेन्ससाठी. तेव्हा मी स्वतः सोबत येईन आणि रात्री दूरच्या दिव्यावर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसतात का, ते आधी पाहीन.

विकणाऱ्याला रविवारपर्यंत टोकन हवंय म्हणे. देऊ नकोस. माझा एफएम२ आणि १०५ घेऊन जा, एक जत्रा त्यावर काढ, रोल धुऊन आण, मग बोलू.