खिडकीसमोर टांगलेली चित्रं

लेखकाचं राहतं घर जपायचं, त्यात त्याची चित्रं मांडायची आणि ती नेमकी पश्चिमेच्या उघड्या खिडकीसमोर टांगायची. दरवेळी तेच! कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको. दुपारी खिडकीपाशी हजारो लक्स असतात. उडालेला रंग परत येत नाही हो.

लेखक चित्रं काढतो ती हाताशी असेल त्या कागदावर, पेनातल्या शाईने. रवींद्रनाथांनी साठीनंतर दोन हजारांहून अधिक चित्रं केली, बरीचशी शाईचीच. असं काम सर्वांत आधी फिकं पडतं. बडोद्यात विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकवतात. इथे तरी हे सांगावं लागू नये. जाड पडदा लावा, काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा, तीन-चार महिन्यांनी चित्रं बदला.

फ्रेम तर उलटून बघवत नाही. मागे प्लायवूड, कडेला सेलोटेप. प्लायवूडमधलं, साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेने तपकिरी पट्टा उमटतो. टेपचा गोंद पिवळा पडून आरपार जातो. कागद काचेला टेकलेला असला की श्रावणातल्या दमट हवेत काचेलाच धरतो. सोडवताना रंगासकट निघतो. आम्लरहित माउंट बोर्ड घ्या, जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा, काचेपासून तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा. जुन्या वाड्याची भिंत ओल धरते, म्हणून फ्रेम भिंतीला टेकू नये यासाठी मागे बुचाचे तुकडे लावा.

आणि मूळ हस्तलिखिताला लॅमिनेशन? अहो, ते परत सुटत नाही!