संकल्प सोडायची रीत

पूजेला बसलं की गुरुजी आपल्या उजव्या तळहातावर अक्षता ठेवतात, पळीभर पाणी घालतात, देश, काल, गोत्र भरभर म्हणून टाकतात आणि सांगतात, "सोडा." पाणी ताम्हनात पडतं. झाला संकल्प. आपल्याकडे संकल्प करायचा म्हणजे तो सोडायचाच असतो. गणपती ते दिवाळी एवढ्या काळात ज्यांना चार किलो उतरवायचे आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी भागेल. घाईत असाल तर इथेच थांबा, पुढे नुसता तपशील आहे.

आधी मुहूर्त. जानेवारी नको. जानेवारीत मुंबईत हवा बरी असते, बाजारात हिरव्यागार भाज्या असतात, तिळगूळ सोडला तर घरात खायला विशेष काही नसतं. अशा वेळी वजन उतरवण्यात पुरुषार्थ तो काय? खरा गडी हरितालिकेच्या संध्याकाळी ठरवतो. स्वयंपाकघरात नारळ खवले जात असतात, गुळाची ढेप फुटत असते, आणि आपण बाहेरच्या खोलीत बसून जाहीर करतो, "उद्यापासून गोड बंद." आतून कोणी उत्तर देत नाही. विळीचा आवाज तेवढा क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.

मग जिम लावा. लावा म्हणजे वर्षाचे पैसे भरा. जायचं की नाही हा निराळा विषय आहे. आमच्या स्टेशनाबाहेरच्या जिममध्ये (नाव सांगत नाही, पैसे परत मागायचा विचार मी अजून सोडलेला नाही) एका पोरानं माझी उंची-वजन घेऊन बीएमआय काढला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. २४ आला. मी म्हटलं, "पंचवीसपर्यंत चालतो ना?" तर म्हणाला, "तो गोऱ्यांना, काका. आपल्याला तेवीसच्या वर गेला की वजन जास्त." खोटं नव्हतं ते. आपली चरबी पोटाभोवती आणि पोटाच्या आत साठते, डायबेटिस आपल्याला त्यांच्यापेक्षा कमी वजनावर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी रेघ खाली ओढली आहे. पुरुषाच्या कमरेला ९० सेंटीमीटर, बाईच्या ८०. मी त्यातून एवढंच घेतलं की मी जाड नाही, चुकीच्या देशात उभा आहे. तुमचा आकडा तेवीस आणि पंचवीसच्या मधे असेल तर तुम्हीही हेच घ्या. 'काका' मात्र जिव्हारी लागलं आणि त्याच तिरमिरीत मी वर्षाचे पैसे भरून मोकळा झालो.

आता गणपती. मुंबईतला गणपती म्हणजे मुळात वेळापत्रकाचा प्रश्न. दीड दिवसाचे आधी उरकायचे, मग पाच दिवसांचे, मग गौरींबरोबर जाणारे. एका रविवारात गिरगाव, दादर, पार्ले, बोरिवली आणि जमलं तर डोंबिवली. लोक म्हणतात, एवढं फिरता, पावलं किती होत असतील! होतात. दहा हजारांच्या वर होतात. पण हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं तपासून काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. तेव्हापासून अख्खं जग तेवढं चालतंय. मी हे कोणाच्या पावलांना नावं ठेवायला सांगत नाही. फक्त मोदकाचा हिशेब करताना उपयोगी पडतं.

तो हिशेब असा. उकडीचा एक मोदक, वर तूप धरून, दीडशे कॅलरीच्या घरात जातो. पाच खाल्ले (पाचाच्या आत थांबणारा माणूस मी पाहिलेला नाही) तर साडेसातशे. शिवाजी पार्कच्या कठड्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर, मध्यम वजनाचा माणूस त्यात साठेक कॅलरी जाळतो. म्हणजे बारा फेऱ्या. सरळ रेषेत चालायचं तर दादरहून निघून जवळजवळ जोगेश्वरी. आणि हे पाच मोदक फक्त पहिल्या घरातले. हिशेब पाहून घाबरू नका. हिशेब करणं हाच एक व्यायाम आहे, तेवढा केला की मन हलकं होतं आणि सहावा घेता येतो.

"गुळाचे आहेत, साखरेचे नाहीत," असं कोणी म्हणालं तर मान डोलवा. शंभर ग्रॅम साखरेत चारशे कॅलरी, गुळात तीनशे ऐंशीच्या आसपास. पण गूळ हा आपल्या घरचा आहे, आणि घरचं माणूस वाईट वागलं तरी आपण बाहेर बोलत नाही.

आग्रह हा यातला सगळ्यात कठीण भाग. त्यावर मी बरीच वर्षं प्रयोग केले आहेत. दारात चपला काढतानाच "मी डाएटवर आहे" असं सांगून पाहिलं. ही मोठी चूक. डाएटवर आहे म्हटलं की बशी लहान येते, पण दोनदा येते. शिवाय सगळं घर कामाला लागतं. आत्या म्हणतात, रात्री मेथी भिजत घाल. शेजारच्या काकू म्हणतात, लिंबू-मध घ्या, आमच्या ह्यांचं बारा किलो उतरलं. आणि 'हे' समोरच्या सोफ्यावर दोन माणसांच्या जागेत बसलेले असतात. इतका सल्ला चालू असताना वाढणं एक क्षण थांबत नाही. एक हात वजन कमी कसं करायचं ते सांगतो, दुसरा तूप सोडतो.

"पोट भरलंय" हेही चालत नाही, कारण ते कोणी तपासू शकत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की सगळे एकदम गंभीर होतात, कुठला डॉक्टर, काय निघालं, शुगर की कोलेस्टेरॉल, आमच्या ओळखीचा एक आहे. आणि या चौकशीला तोंड देताना हात आपोआप बशीकडे जातो. वहिनीचं हत्यार तर एकच आहे आणि त्याला ढाल नाही. "एकानं काय होतंय? प्रसाद आहे, नाही म्हणू नये. प्रसादाचं अंगाला लागत नाही." हे विधान मी वीस वर्षं ऐकतोय आणि वीस वर्षं ते माझ्या अंगाला लागतंय.

यावर उपाय विचाराल तर एकच. वहिनी म्हणेल, "किती वाळलात भावजी!" तेव्हा ते खरं माना. त्याच घरातून निघताना जिन्यात काका म्हणतील, "सुटलायस रे जरा." तेही खरं माना. दोन्हीची सरासरी काढली तर तुमचं वजन अगदी योग्य आहे.

ऋषिपंचमीची भाजी मी विसरलेलो नाही. अळू, सुरण, लाल भोपळा, भेंडी, मक्याची कणसं. बैलाच्या कष्टाचं काही नको आणि तेल जवळजवळ नाहीच. वर्षभर जिची शिफारस कुठलाही आहारतज्ज्ञ डोळे मिटून करेल अशी ही भाजी आपल्या पूर्वजांनी शोधून काढली आणि वर्षातून एका दिवसावर बंदिस्त करून टाकली. तोंडी लावायला कालचे मोदक.

दरम्यान तुम्हाला कोणीतरी विचारेल, दीक्षित की दिवेकर? मराठी घरात हा प्रश्न पूर्वी टिळक की आगरकर असा विचारायचे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच खा, आणि जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, आणि तुपाला भिऊ नका. दोघांना एकत्र करून दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं जेवायचं, हा विनोद व्हॉट्सअपवर फिरून फिरून गुळगुळीत झाला. पण विनोद म्हणून तो संपला आणि गौरींच्या दिवशी आचरण म्हणून सुरू झाला, हे कोणी लक्षातच घेतलेलं नाही.

मग नवरात्र. नऊ दिवस उपवास! वजन उतरवणाऱ्याला याहून सोन्याची संधी नाही असं वाटतं ना? वाटू द्या. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम नावाला. त्याला सोबत म्हणून शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, तूप. बाजूला रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. आता गंमत बघा. कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं, राजगिरा, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. गोऱ्या खलाशांनी समुद्र ओलांडून बाहेर काढलं, तेव्हा कुठे आपल्यापर्यंत पोचलं. सहाशे वर्षांपूर्वी या ताटासाठी बसलेल्या माणसाला तूप आणि जिरं एवढ्यावर भागवावं लागलं असतं. म्हणजे तो बिचारा खरोखर उपाशी राहिला असता आणि बारीकही झाला असता. समुद्र ओलांडला की माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. साबुदाण्याला मात्र आपण थेट देवघरात घेतलं. दादरला छबिलदास गल्लीच्या आसपास उपवासाच्या दिवसांत साबुदाणा वड्यासाठी उभ्या असलेल्या भक्तांच्या चेहऱ्यावर जी कळा असते, तिला मी तरी उपवासाची कळा म्हणणार नाही.

दसऱ्याबद्दल काही सांगायचं नाही. श्रीखंड दह्याचं असतं, दही पोटाला चांगलं.

कोजागिरीला गच्चीवर आटवलेलं मसाला दूध. कोण जागा आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. गच्चीवर जागे असतात ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि तेही दुसऱ्या पेल्याची वाट बघत.

दिवाळीच्या आधी पाच-सहा दिवस मात्र खरंच काहीतरी करावं. पोळी-भात बंद करा, मीठ आवरा. चौथ्या दिवशी काटा दीड किलो खाली दाखवेल. बायकोला दाखवा, फोटो काढा, जुनी पँट शोधा. हे दीड किलो म्हणजे पाणी असतं. शरीर पिठूळ पदार्थांतली साखर स्नायूत आणि यकृतात साठवतं, आणि तिच्या तिप्पट पाणी तिच्यासोबत धरून ठेवतं. पोळी-भात थांबवला की साठा संपतो, पाणी वाहून जातं. एक किलो खरी चरबी जायची तर साडेसात-पावणेआठ हजार कॅलरींची तूट लागते. ती चार दिवसांत कुठून येणार? पण नाउमेद होऊ नका. संकल्प सोडायलाही पाणीच लागतं.

नरकचतुर्दशीला पहाटे कारीट पायाच्या अंगठ्यानं फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात, तो दिवाळीतला एकमेव पदार्थ ज्यानं वजन वाढत नाही. त्याच्यानंतर फराळाचं ताट येतं. ताटाकडे आरोग्याच्या नजरेनं बघायला शिका. चकली मल्टिग्रेन आहे. भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, सगळं असतं, हीच धान्यं बिस्किटात घातली तर तुम्ही तिप्पट किंमत देता. बेसन लाडवात प्रथिनं. अनारशाच्या पिठाला तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, म्हणजे आंबवलेलं, म्हणजे आतड्याला हितकर. चिवडा पातळ पोह्यांचा, नावातच पातळ. करंजी पोकळ असते. शंकरपाळ्याचं समर्थन मला अजून सापडलेलं नाही, म्हणून तो मी उभ्यानं खातो. उभ्यानं खाल्लेलं मोजत नाहीत.

एवढं सगळं करूनही वजन घराबाहेर काढायचा खात्रीचा असा एकच मार्ग मला गवसला आहे: फराळ परदेशी पाठवणे. आमचा भाचा न्यू जर्सीला असतो. कुरिअरवाला किलोवर पैसे घेतो म्हणून हिनं खोका बांधून झाल्यावर न्हाणीघराजवळचा वजनकाटा बाहेर काढला. जिम लावली तेव्हा घेतलेला, अजून काचेवरची पट्टी निघालेली नाही. पण खोका एवढा मोठा की काट्यावर ठेवला तर आकडाच झाकला जातो. "अहो, असं करा," ही म्हणाली, "तुम्ही खोका घेऊन उभे राहा, मग नुसते उभे राहा. वजाबाकी केली की झालं." मुलगा क्लासला गेला होता. तो असता तर प्रश्नच नव्हता. त्याचं वजन काही गुपित नाही.

मी खोका घेऊन उभा राहिलो. आकडा आला. हिनं तो वहीत लिहिला आणि म्हणाली, "आता खोका खाली ठेवा."

"राहू दे," मी म्हटलं, "कुरिअरवाला मोजेलच की."

त्याच्या काट्यावर सहा किलो दोनशे भरलं. वहीतला आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, त्यातून तेवढंच वजा करायचं होतं. पण हातचा घ्यावा लागला की माझी लहानपणापासून गडबड होते, म्हणून ती वजाबाकी मी अजून केलेली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे टेबलावर खोका उघडलेला दिसत होता, डबे जसेच्या तसे. म्हणाला, "मामा, सगळं पोचलं हं, पण मी सध्या डाएटवर आहे. ऑफिसात वाटतो उद्या."

"अरे," मी म्हटलं, "किती वाळलायस! एका चकलीनं काय होतंय?"