ते तसंच आहे, मामा

माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे, परवा संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या पहिल्यांदा होतं असं."

पहिल्या पहिल्यांदा! माझ्या बोटांवर सुपरग्लूचं दुसरं कातडं आलेलं, नखांत राखाडी पुट्टी, कोपराला सँडपेपर चिकटलेला. आणि समोर टेबलावर, या हातांनी आजवर केलेल्या कामातलं सगळ्यात नेमकं काम: ब्लोम उंट फॉस बीव्ही १४१ या जर्मन विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, प्रमाण १/७२.

हे विमान ज्यांना ठाऊक नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी सांगतो. १९३७ साली जर्मनीच्या हवाई मंत्रालयाला टेहळणीसाठी एका इंजिनाचं विमान हवं होतं आणि त्यातून चहूकडे स्वच्छ दिसायला हवं होतं. आता एक इंजिन म्हटलं की ते नाकावर बसतं आणि पायलटला समोर इंजिनच दिसतं. डॉ. रिखार्ड फोग्ट या डिझायनरनं यावर उपाय काढला. (त्याच्या कंपनीला खरं तर कुणी विचारलंही नव्हतं, तिनं आपल्याच खर्चानं हे विमान केलं. असल्या न मागितलेल्या उद्योगांबद्दल मला आतून जिव्हाळा आहे.) इंजिन आणि शेपटी असलेलं धड डावीकडे, माणसं बसायची काचेची कोठडी उजवीकडे, आणि दोघांना धरून ठेवायला एक पंख. २५ फेब्रुवारी १९३८ रोजी ते उडालं आणि चांगलं उडालं. पुढच्या बी आवृत्तीत त्यांनी शेपटीचं उजवं पातंही जवळजवळ छाटून टाकलं, कारण मागे तोंड करून बसलेल्या बंदूकवाल्याच्या आड ते येत होतं.

मी केलं ते हे बी.

आता किटबद्दल, म्हणजे मॉडेलचे सुटे भाग ज्यात येतात त्या खोक्याबद्दल. शॉर्ट-रन किट म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला बसलो की माझा आवाज चढतो. मोठ्या कंपन्या पोलादाचे साचे कोरतात, त्यात प्रचंड दाबानं प्लास्टिक सोडतात आणि वर्षानुवर्षं भाग काढत राहतात. त्या भागांना खुंट्या असतात, समोरच्या भागाला खुंट्यांची भोकं असतात, दाबलं की बसतं. पण ज्या विमानाचं नाव ऐकून मूठभर माणसांचेच डोळे चमकतात, त्याच्यासाठी पोलाद कोण कोरणार? मग कुणी एक छोटी कंपनी स्वस्तातला मऊ साचा करते, कमी दाबानं प्लास्टिक सोडते, आणि साचा झिजायच्या आत निघतील तेवढी किटं विकून मोकळी होते. भाग जाडजूड येतात, कडेकडेनं प्लास्टिकचा पापुद्रा सुटलेला असतो, आणि खुंट्या नसतात. एकही नसते. दोन सपाट पृष्ठभाग तुमच्या हातात येतात आणि माहितीपत्रकातला बाण एकाकडून निघून दुसऱ्याच्या साधारण आसपास कुठेतरी जातो. खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, "अनुभवी मॉडेलरसाठी". आमचं राहिलेलं काम तुम्ही करा आणि त्याचे पैसेही तुम्हीच द्या, असा त्याचा अर्थ.

पंखाची मागची कड जेमतेम एक मिलिमीटर जाड होती. जेमतेम कसली! बहात्तरनं गुणा. खऱ्या विमानाला सात सेंटिमीटर जाडीची फळी लावल्यागत झालं. ती आतून घासून घासून कागदाएवढी करायची. धडाचे दोन अर्धे भाग एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखे निघाले: एक लांब, एक आखूड, आणि मधली फट भरून काढायचं काम तिसऱ्याच्या गळ्यात. इंजिन बीएमडब्ल्यू ८०१, चौदा सिलिंडरचं, रेझिन नावाच्या वेगळ्या प्लास्टिकमध्ये ओतलेलं. त्यातल्या एका सिलिंडरच्या जागी हवेचा बुडबुडा होता. बुडबुड्याला भाग क्रमांक मात्र दिलेला होता.

आणि काच! अहो, हे विमान म्हणजे निम्मी काच. किटमधली काच प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची, तापवून साच्यावर ओढलेली. ती ब्लेडनं आपणच कापून काढायची. कंपनी दोन देते, म्हणजे पहिली वाया जाणार हे तिला ठाऊक आहे. आत खुर्च्या रेझिनच्या. मॉडेलचा नेहमीचा गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो, रेझिनला तो ढिम्म लागत नाही. तिथे सुपरग्लूच पाहिजे. आणि सुपरग्लूच्या वाफेनं काचेवर पांढरी बुरशी चढते. तात्पर्य, कोठडीत सुपरग्लू हवाच आणि कोठडीत सुपरग्लू नकोच. मग आधी खुर्च्या चिकटवा, वाफ पुरती उडून जाऊ द्या, मग काच लावा, मग प्रत्येक खिडकीवर टेपचा वेगळा तुकडा कापून बसवा आणि रंग मारा. घरातलं कुणी या काळात जवळून जोरात चाललं तरी मी ओरडायचो, हे खरं आहे. पण जोरात चालायची गरज तरी काय होती?

हे सगळं एकीकडे आणि मापं जुळवणं एकीकडे. साधं विमान सरळ बसलं की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. पंखाच्या डाव्या टोकापासून शेपटीच्या डाव्या टोकापर्यंत दोरा धरायचा, मग उजवीकडे धरायचा. सारखा भरला की झालं. इथे उजवीकडे दोरा धरायला शेपटीच ठेवलेली नाही. समोरून बघून डोळ्यांनी ठरवावं म्हटलं तर डोळा म्हणतो हे साफ चुकलंय, कारण खरं विमानही चुकल्यासारखंच दिसतं. शेवटी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला, लेगोच्या ठोकळ्यांचा सापळा रचला, कोठडीच्या बुडात आणि पंखात भोकं पाडून पितळी तार घातली, आणि सुमारे चोवीस सेंटिमीटर पंखाचं ते विमान नेमकं जितकं वाकडं हवं तितकंच वाकडं बसवलं. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. पंख आणि कोठडीचा सांधा तर असा भरला की तिथे कधी दोन तुकडे होते हे सांगून पटणार नाही. म्हणजेच, त्यासाठी घातलेल्या रात्रीही कुणाला दिसणार नाहीत.

आणि मग मामा आले.

मामा सर्व्हेअर होते. उभा जन्म त्यांनी दुर्बिणीतून सरळ रेषा पाहिल्या. कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरची तसबीर ते न विचारता सरळ करतात; त्यातल्या निम्म्या आधी सरळच असतात.

"हे सरकलंय," मामा म्हणाले.

"काय सरकलंय?"

"पायलटची खोली. मधे हवी ना? गोंद ओला असताना घसरत घसरत उजवीकडे गेली. वाळेपर्यंत धरून बसायचं असतं."

"मामा, ते तसंच आहे."

"हो हो, तसंच असू दे," असं ते ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात माणसं पडलेल्या पोराला 'लागलं नाही, लागलं नाही' म्हणतात.

"तसं नाही हो. खरं विमानच तसं होतं."

"कुणी सांगितलं?"

मी फोटो दाखवला. मामांनी तो हातभर लांब धरला. "तिरका काढलाय."

मी समोरून काढलेला फोटो दाखवला. मामांनी बराच वेळ निरखला. मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हे काम चालू असतानाचं आहे! उजव्या बाजूचं इंजिन बसायचं राहिलंय."

मी फोग्टचं तत्त्व सांगायला घेतलं. पंखा एका दिशेनं फिरतो म्हणून विमान उलट दिशेला कलू पाहतं, उजवीकडच्या कोठडीचं वजन ते कलणं तोलून धरतं, वगैरे. मी हातवारे केले. एका हाताचा पंखा केला, दुसऱ्याची कोठडी. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग बाकीच्या विमानांनी काय घोडं मारलंय? ती मधोमध बसून उडतातच की."

"हेही उत्तम उडायचं, मामा."

"मग पुढे काय झालं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? पुढे असं झालं, की मंत्रालयानं फोके-वुल्फ १८९ नावाचं दोन इंजिनांचं विमान पसंत केलं. ती आठशेच्या वर बांधली गेली. बीव्ही १४१ मोजकीच झाली आणि त्यातलं एकही आज अखंड उभं नाही. हे मी सांगितलं. मामा नुसतं "हं" म्हणाले. हवाई मंत्रालयानंही फोग्टला बहुधा एवढंच म्हटलं असावं.

बायको दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. "मीसुद्धा आधी हेच विचारलं होतं," ती मामांना म्हणाली.

एवढ्यात मामांची नजर मागे गेली. "अरेरे, शेपटीचं एक पान पडलंय. खाली शोधलंत का?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत हा वयस्कर माणूस गुडघ्यांवर बसून, मोबाइलचा दिवा लावून टेबलाखाली शिरला सुद्धा. मीही शिरलो. सासरचं माणूस जमिनीवर आणि आपण खुर्चीत, हे बरं दिसत नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी रांगत एक अशी वस्तू शोधत होतो, जी जर्मनीतच कुणी छाटून टाकली होती.

आणि मामांना सापडलं! शेपटीचं पान नव्हे. मागच्या एमजी १५ मशीनगनची नळी. नखाएवढी, चिमट्यातून उडालेली. तिच्यासाठी मी ही खोली पालथी घातली होती, झाडूवर बंदी आणली होती, आणि अखेर नाद सोडून पितळी नळी तासून दुसरी केली होती. "मिळालं!" मामा आतूनच ओरडले. बाहेर येऊन त्यांनी ती शेपटीच्या उजव्या बाजूला धरून पाहिली. "लहान पडतंय," म्हणाले. "पण काहीच नसण्यापेक्षा बरं."

इथपर्यंत मी हसत होतो, खरंच हसत होतो. पण मग मामा म्हणाले, "थांबा, अजून हलेल," आणि अंगठ्यानं कोठडी मधल्या बाजूला रेटली.

तार होती म्हणून कोठडी जागची हलली नाही. पण तो सांधा, ज्याबद्दल मी आत्ताच बोललो, तो टचकन वाजला आणि त्याच्यावर एक बारीक रेघ उमटली. म्हणजे आता पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा प्राइमर, आणि फुटलेल्या रंगाशी नवा रंग मिळवत बसणं, जो कधीच पुरता मिळत नाही. "घट्ट बसलंय हो," मामा कौतुकानं म्हणाले. संध्याकाळभरातलं तेवढंच कौतुक.

मला एक कळत नाही. कुणी गात असेल तर त्याच्या गळ्यात हात घालून कुणी सूर सरळ करत नाही. कुणी रांगोळी काढली तर तिच्यावर अंगठा फिरवून 'ही रेघ इकडे हवी' म्हणत नाही. मॉडेल दिसलं की मात्र ज्याला त्याला हात लावायचा असतो, आणि हात लावून झाल्यावर "पेशन्स आहे हो तुमच्यात" म्हणायचं असतं. नाहीये. माझ्यात अजिबात पेशन्स नाही. त्या रात्री मी रेघेवर पुट्टी लावताना जे पुटपुटत होतो, ते ऐकून बायकोनं दार लावून घेतलं.

काल सकाळी मामांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. नातवाकडून त्यांनी शोधून घेतलं होतं. फोटोत एक जर्मन टेहळणी विमान: मधोमध काचेची कोठडी, डावीकडे एक इंजिन, उजवीकडे एक इंजिन, दोन्ही इंजिनांमागे एकेक लांब दांडा, आणि दोन दांड्यांना जोडणारी सरळ, पूर्ण, कुठेही न छाटलेली शेपटी. फोके-वुल्फ १८९. खाली मामांनी लिहिलं होतं, "हे बघा. पूर्ण झाल्यावर असं दिसतं."

मी अंगठा पाठवला.

लगेच दुसरा मेसेज. दुसरं इंजिन खोक्यात आलंच नव्हतं का? तसं असेल तर कंपनीला खरमरीत पत्र लिहायला हवं. मसुदा ते स्वतः करतील, मी फक्त पत्ता कळवावा.

खोकं काढलं, बुडबुड्याचा भाग क्रमांक एकदा पाहून घेतला आणि पत्ता कळवला.